एक पक्ष, एक लढा, दोन देश: गिनी-बिसाऊ आणि केप व्हर्डे

खाजणकाठ

दुसऱ्या महायुद्धानंतर स्वतंत्र झालेल्या वसाहतींचा विषय निघाला की घाना, केनिया, अल्जीरिया, व्हिएतनाम ही नावं हमखास येतात. पोर्तुगीज वसाहतींचा विषय मात्र आपण १९ डिसेंबर १९६१ ला पणजीत तिरंगा चढवून मिटवून टाकतो. त्यानंतर तेरा वर्षं आफ्रिकेत जे चाललं होतं, त्यातला एक भाग मला फार जवळचा वाटतो. त्यासाठी हा धागा.

इंग्रज-फ्रेंच हळूहळू काढता पाय घेत होते, तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने १९५१ साली घटनेत बदल करून वसाहतींना 'सागरापारचे प्रांत' करून टाकलं. प्रांत म्हटल्यावर स्वातंत्र्य कसलं मागता, असा त्याचा पवित्रा. गोव्यात भारतीय सैन्य शिरलं तेव्हा त्याने गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हाला मरेपर्यंत लढायचा हुकूम धाडला होता. सिल्व्हाने तो मानला नाही आणि माणसं वाचवली. त्याबद्दल १९६३ मध्ये त्याला लष्करातून हाकललं. आपले मोहन रानडे गोवा मुक्त झाल्यावरही १९६९ पर्यंत लिस्बनजवळ तुरुंगात खितपत पडले होते. अशा राजवटीशी आफ्रिकेतल्या लोकांची गाठ होती.

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गिनी-बिसाऊ (तेव्हाची पोर्तुगीज गिनी, पुढे नुसतं 'गिनी' म्हणतो) हा चिमुकला देश आहे. तेव्हा पाचेक लाख वस्ती, खाड्या, खारफुटी आणि भात. तिथून काही शे किलोमीटरवर भर समुद्रात केप व्हर्डेची कोरडीठाक बेटं. दोन्हींचा मिळून एक पक्ष निघाला, पीएआयजीसी (गिनी आणि केप व्हर्डेच्या स्वातंत्र्याचा आफ्रिकी पक्ष). १९५६ साली बिसाऊत गुपचूप स्थापन झालेल्या या पक्षाचा नेता होता अमिल्कार काब्राल. बाफाता या गावी १९२४ मध्ये जन्मलेला, केप व्हर्डेत वाढलेला. १९४० च्या दशकात त्या बेटांवर दोनदा भीषण दुष्काळ पडला, हजारो माणसं अन्नावाचून मेली आणि सरकारने धान्य पाठवण्याऐवजी उपाशी माणसांना जहाजात भरून साओ टोमे या दुसऱ्या पोर्तुगीज बेटावरच्या कोको मळ्यांवर कंत्राटी मजूर म्हणून पाठवलं. काब्राल ऐन विशीत हे बघत होता. पुढे तो लिस्बनला कृषिशास्त्र शिकला.

माझ्या मते सगळी गंमत या शिक्षणात आहे. १९५३ साली पोर्तुगीज सरकारनेच त्याला गिनीची कृषी-गणना करायला लावली. तो गावोगाव हिंडला. कोण काय पेरतं, किती पिकतं, भुईमूग कोण आणि का लावतं, हे त्याने शेतकऱ्यांच्या तोंडून ऐकलं. कर भरायचा तर भुईमूग लावा आणि कंपनी देईल त्या भावाने विका, अशी रीत होती. पुढे ज्या खेड्यांत लढा उभा राहिला, त्या खेड्यांची नाडी त्याला सरकारी पगारावर कळली!

तिथले बालांता लोक खाजणातला भात करतात. खारफुटी तोडून मातीचा बांध घालायचा, भरतीचं पाणी अडवायचं, बांधात आडवा पोकळ ताडाचा सोट बसवून पाण्याची वाट ठेवायची. पहिल्या पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन निघालं की मग लावणी. गोव्यात मानस (खाजणाच्या बांधातलं पाण्याचं दार) आणि खाऱ्या जमिनीतला कोरगुट भात ज्यांनी पाहिलाय त्यांना हे चित्र लगेच उभं राहील. बांध एक वर्ष दुर्लक्षित राहिला, की खारं पाणी आत शिरतं आणि पुढची काही वर्षं हातची जातात. लढाई चालू असतानाही बांध राखले पाहिजेत, हे कळणारा नेता त्यांना मिळाला होता.

३ ऑगस्ट १९५९ ला बिसाऊच्या पिजिगिती धक्क्यावर गोदी कामगारांनी पगारवाढीसाठी संप केला. पोलिसांनी गोळ्या घातल्या, पन्नासच्या आसपास माणसं मेली. त्यानंतर पक्षाने शहर सोडलं आणि खेड्यांत मुळं रोवायला घेतली. जानेवारी १९६३ मध्ये तीतेच्या लष्करी ठाण्यावर हल्ला करून युद्ध सुरू झालं, पण त्याआधीची दोन-तीन वर्षं नुसती माणसं तयार करण्यात गेली. मुक्त झालेल्या भागात गावसमिती पाच जणांची, त्यात किमान दोन बायका. शाळा, दवाखाने आणि 'लोकांची दुकानं'. या दुकानांत भात द्यायचा आणि कापड, मीठ, साबण, कोयते न्यायचे. रोख पैशाचं कामच नाही आणि भाव पोर्तुगीज व्यापाऱ्यापेक्षा बरा. लोक डोक्यातल्या कल्पनांसाठी लढत नाहीत, जगणं सुधारावं आणि पोरांचं भलं व्हावं म्हणून लढतात. त्यांच्याशी खोटं बोलू नका, सोप्या विजयांच्या बढाया मारू नका, असं काब्रालने १९६५ मध्ये कार्यकर्त्यांना लेखी बजावलं होतं.

१९७२ मध्ये मुक्त भागात निवडणुका झाल्या. २० जानेवारी १९७३ ला शेजारच्या, वेगळ्या गिनी देशाच्या राजधानीत, कोनाक्रीत, काब्रालचा खून झाला, आपल्याच पक्षातल्या माणसांच्या हातून. पोर्तुगालचा त्यात किती हात होता यावर आजही वाद आहे. पण गिनीचे लोक विरुद्ध बेटांवरचे लोक ही पक्षातली जुनी तेढ त्या खुनामागे होती, हे नाकारता येत नाही. तरी लढा थांबला नाही. २४ सप्टेंबर १९७३ ला मादिना दो बोए इथे स्वातंत्र्य जाहीर झालं, नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत ९३ देशांनी त्याच्या बाजूने मत दिलं. पुढच्या २५ एप्रिलला लिस्बनमध्ये लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली. त्यांतले कित्येक कॅप्टन गिनीच्या दलदलीत हे युद्ध जिंकता येणार नाही हे शिकून आले होते. म्हणजे वसाहतीने आपल्याबरोबर मालकालाही मोकळं केलं. आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने दिल्लीत करार करून गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं.

गिनी-बिसाऊला पोर्तुगालची मान्यता १० सप्टेंबर १९७४ ला, केप व्हर्डेचं स्वातंत्र्य ५ जुलै १९७५ ला. दोन देश, पण सत्तेवर पक्ष एकच, पुढे एक होण्याचा संकल्प. आणि मग दोघांच्या वाटा इतक्या फाकल्या की विश्वास बसू नये. बिसाऊत १९८० पासून बंडांची मालिका: १९९८-९९ चं यादवी युद्ध, २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष व्हिएरा यांचा खून, २०१२ मध्ये पुन्हा बंड. केप व्हर्डेत १९९१ मध्ये सत्ताधारी पक्ष निवडणूक हरला आणि मुकाट्याने पायउतार झाला. असं का झालं, यावर बोलूया.

बोरीबंदर

लेख आवडला, पण एक कटू प्रश्न. स्वातंत्र्य देण्याआधी दहा-वीस वर्षं तयारी करून घेतली असती तर? शंभरात नव्वदहून जास्त निरक्षर असलेला देश एका रात्रीत चालवायचा कसा? घाई नडली असं नाही का वाटत?

खाजणकाठ

@बोरीबंदर, तयारी करून घेणार कोण? पोर्तुगीज त्या किनाऱ्यावर पंधराव्या शतकापासून होते. १९६१ पर्यंत तिथे 'इंडिजेनातो' कायदा होता. त्यानुसार माणसांचे दोन वर्ग, 'सुसंस्कृत' आणि 'देशी'. देशी माणसाला नागरिकत्व नाही, उलट सक्तीची मजुरी. १९५० च्या सुमारास गिनीतले अर्धा टक्का आफ्रिकी लोकही 'सुसंस्कृत' गणले जात नव्हते. ज्या सरकारने पाचशे वर्षांत पुरेशा शाळा काढल्या नाहीत, ते आणखी वीस वर्षांत काढेल असं मानायला कसलाच आधार नाही. उलट जंगलात झाडाखाली फळा टांगून शाळा काढल्या त्या बंडखोरांनी, विमानं बाँब टाकत असताना.

आणि घाईचं म्हणाल तर ती लिस्बनला नको होती तशी बिसाऊलाही नको होती. काब्राल शेवटपर्यंत वाटाघाटी मागत होता. १९७२ च्या मे महिन्यात सेनेगलचे राष्ट्राध्यक्ष सेंघोर यांनी मध्यस्थी केली. गिनीचा पोर्तुगीज गव्हर्नर स्पिनोला स्वतः त्यांना भेटला आणि बोलणी करायला तयार होता. लिस्बनमध्ये पंतप्रधान काएतानोने नकार दिला. टप्प्याटप्प्याने सत्तांतराची ती शेवटची संधी होती.

तिठा

शीतयुद्धाचा भाग राहिलाय. पीएआयजीसीकडे सोव्हिएत शस्त्रं होती ना? क्यूबाचे लोकही होते. मग हा लढा त्यांनी स्वतःच्या बळावर लढला असं कसं म्हणायचं?

खाजणकाठ

@तिठा, होती की. शस्त्रं मुख्यतः सोव्हिएत गोटातली, क्यूबाचे डॉक्टर आणि सल्लागार. १९७३ मध्ये खांद्यावरून डागायची विमानविरोधी क्षेपणास्त्रं आली आणि आकाशातली पोर्तुगालची मक्तेदारी मोडली. मे महिन्यात गिलेजेचा तळ सोडून पोर्तुगीज सैन्याला माघार घ्यावी लागली. पण दुसरी बाजूही मांडा. पोर्तुगाल नाटोचा सदस्य. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरचा विमानतळ अमेरिकेला हवा होता, म्हणून वॉशिंग्टन फार टोचून बोलत नसे. उलट स्वीडनने १९६९ पासून पीएआयजीसीला शाळा-दवाखान्यांसाठी उघडपणे मदत दिली. काब्रालची हुशारी ही, की त्याने सगळ्यांकडून घेतलं आणि परकी सैनिकांच्या हाती युद्ध दिलं नाही.

आडवाट

वाचते आहे, आणि बायकांचा उल्लेख एका वाक्यात आटोपला म्हणून लिहिते आहे. तितिना सिला ही मुलगी विशीत आघाडीवर कामाला लागली आणि पक्षाची मोठी संघटक झाली. काब्रालच्या अंत्यविधीला निघाली असता ३० जानेवारी १९७३ ला नदी ओलांडताना पोर्तुगीजांनी तिच्या होडीवर हल्ला केला, त्यात ती गेली. तिथे तो दिवस स्त्रियांचा राष्ट्रीय दिन म्हणून पाळतात. कार्मेन परेरा लढ्यात आरोग्य आणि राजकीय काम बघत होत्या. मे १९८४ मध्ये तीन दिवस त्या देशाच्या हंगामी प्रमुख होत्या.

शस्त्र उचलणाऱ्या बायका थोड्या, पण भात शिजवून डोक्यावर टोपलं घेऊन रात्री रानात पोचवणाऱ्या हजारो. त्यांच्या जिवावर लढा चालला. स्वातंत्र्यानंतर मंत्रिमंडळात त्या कितीशा दिसल्या? माझ्या दृष्टीने घसरण तिथूनच सुरू होते. गावसमितीत दोन जागा राखणारा पक्ष राजधानीत आला आणि ती सवय विसरला.

खाजणकाठ

@आडवाट, मनापासून सहमत. हे धाग्यात असायलाच हवं होतं, तुम्ही आणलंत ते उत्तम झालं. तुमचं शेवटचं वाक्य माझ्या मूळ मुद्द्याकडेच नेतं.

फेब्रुवारी १९६४ मध्ये कासाका इथे पक्षाची पहिली मोठी परिषद झाली, रानात, लढाई चालू असताना. काही सेनानायक आपापल्या भागात राजे होऊन बसले होते. गावकऱ्यांना छळत होते, चेटकाच्या आरोपावरून माणसं मारत होते. काब्रालने त्यांना भर सभेत जाब विचारला, शिक्षा केल्या आणि बंदूक पक्षाच्या ताब्यात राहील हे पक्कं केलं. १९७४ नंतर बिसाऊत अशी परिषद पुन्हा झाली नाही. सैन्य शहरात आलं आणि तिथेच राहिलं. पोर्तुगालच्या बाजूने लढलेल्या स्थानिक आफ्रिकी सैनिकांना पोर्तुगाल मागे टाकून गेला. त्यांतल्या कित्येकांना नव्या सरकारने चौकशीशिवाय मारलं, सामूहिक कबरी नंतर उघड झाल्या. हे मला सर्वांत जास्त लागतं, कारण हाच पक्ष युद्धात पोर्तुगीज कैद्यांना सोडून देत असे.

केप व्हर्डेच्या भूमीवर लढाई झालीच नाही. तिथले लढवय्ये गिनीत लढले आणि परत आले ते कचेऱ्या चालवायला. बेटांवर सत्ता मागणारं सैन्यच नव्हतं. माझ्या मते दोन देशांतला मुख्य फरक हा.

बोरीबंदर

@खाजणकाठ, सैन्याचा मुद्दा पटला, पण पूर्ण नाही. केप व्हर्डेत इंडिजेनातो कायदा लागूच नव्हता, मिंडेलोला १९१७ पासून माध्यमिक शाळा होती. शिकलेला कारकून वर्ग बेटांवर तयार होता. पोर्तुगीज त्याच लोकांना गिनीत खालच्या हुद्द्यांवर अधिकारी म्हणून पाठवत. तेढ तिथून आली असणार. म्हणजे दोघे सुरुवातीच्या रेघेवर एकत्र उभेच नव्हते.

खाजणकाठ

@बोरीबंदर, हे बरोबर आहे आणि महत्त्वाचंही. १९८० च्या बंडात हीच तेढ वापरली गेली. राष्ट्राध्यक्ष लुईश काब्राल, अमिल्कारचा सावत्र भाऊ, 'बेटांवरचा' ठरला. त्यानंतर १९८१ मध्ये केप व्हर्डेच्या लोकांनी आपला पक्ष वेगळा केला. पण शिक्षणाने सगळा उलगडा होत नाही. बेटांवर पाऊस नाही, खनिज नाही, १९६८ पासून सलग अवर्षण. त्या वेळी पैज लावली असती तर लोकांनी भात पिकवणाऱ्या गिनीवर लावली असती.

माणदेशी

या अवर्षणाबद्दल आणखी लिहा. आमच्या भागात ७२ च्या दुष्काळाची आठवण घराघरात आहे. खडी फोडायला सगळं गाव जायचं, हातात मजुरी आणि पोटात सुकडी. त्यातूनच रोजगार हमी आली. केप व्हर्डेने काय केलं?

खाजणकाठ

@माणदेशी, ऐकाल तर ओळखीचं वाटेल. परदेशातून मदत म्हणून आलेलं धान्य सरकारने फुकट वाटलं नाही. ते बाजारात विकलं आणि त्या पैशातून कामं काढून मजुरी दिली. डोंगरउतारावर दगडी बांध, ओढ्यांवर बंधारे, रस्ते, आणि झाडं. ओसाड बेटांवर लाखो झाडं लावली गेली. १९४० च्या दशकात जिथे हजारो लोक उपासमारीने गेले, तिथे स्वातंत्र्यानंतर इतक्या वाईट वर्षांतही भूकबळींची तशी लाट पुन्हा आली नाही. मदतीचा हिशेब चोख म्हणून देणारेही देत राहिले. शिवाय अमेरिकेत न्यू बेडफर्डला देवमाशांच्या शिकारी जहाजांवरून गेलेल्यांच्या पिढ्या, पुढे युरोपात गेलेले, या सगळ्यांची मनीऑर्डर घरोघर येत होती.

तिथे एकपक्षीय राजवट होती हे विसरू नये. १९७५ ते १९९० दुसऱ्या पक्षाला वाव नव्हता, जमीनवाटपाच्या कायद्यावरून सांतो आंताओ बेटावर गोळीबारही झाला. पण निवडणूक घेतली, हरले, गेले. २००१ मध्ये तर पेद्रो पिरेश राष्ट्राध्यक्षपदी अवघ्या १२ मतांनी निवडून आले. हरलेला उमेदवार कोर्टात गेला, निकाल विरुद्ध लागला, आणि रस्त्यावर रणगाडा आला नाही. हे पिरेश गिनीच्या रानात लढलेले कमांडर. त्याच रानातले दुसरे कमांडर बिसाऊत एकमेकांच्या जिवावर उठले होते.

माणदेशी

धान्य विकून मजुरी हे डोक्यात ठेवण्यासारखं आहे. आमच्याकडे तेव्हाचे पाझर तलाव अजून आहेत, गाळाने भरले तरी आहेत. तिथले बंधारे टिकले का हे बघायला आवडेल.

कोकणमेवा

मी वेंगुर्ल्याच्या बाजूला काजूच्या धंद्यात आहे. गिनी-बिसाऊ हे नाव आम्हाला पोत्यांवरून माहीत. आपली गावठी बी कारखान्याला वर्षभर पुरत नाही, आफ्रिकेची बी आणावी लागते. माल आला की पोत्यातून नमुना काढून एकेक बी कापून बघतो: भरलेली, डागी, पोचट, किडकी. ८० किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर निघेल त्यावर भाव. बिसाऊची बी या बाबतीत नावाजलेली, पन्नास पौंडांच्या पुढेही जाते. हे सगळं वाचून विचारावंसं वाटतं, एवढी चांगली बी असून ते लोक गर काढून का विकत नाहीत?

खाजणकाठ

@कोकणमेवा, या प्रतिसादासाठी आभार. ज्या पोर्तुगीजांनी ब्राझीलहून काजू गोव्यात आणला, त्यांनीच तो आफ्रिकेतही नेला. आता तुमचा प्रश्न.

स्वातंत्र्यानंतर लुईश काब्राल सरकारने शहरात मोठे कारखाने काढले. कुमेरेला शेतमालाचा प्रचंड प्रकल्प घातला, देशात पिकतं त्याहून जास्त माल गिळेल एवढा. मोटारी जोडायचा कारखानासुद्धा काढला. 'लोकांची दुकानं' तीच राहिली, पण आता त्यांत कापड नाही, साबण नाही, आणि भाताला भाव नाही. शेतकऱ्याने तोच निर्णय घेतला जो पोर्तुगीजांच्या वेळी घेतला होता: सरकारला विकायचं नाही. भात सीमेपलीकडे सेनेगलला चोरून जाऊ लागला आणि बिसाऊत तांदळाची टंचाई झाली. १९८० च्या बंडाला लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या यामुळे.

मग नाणेनिधीच्या सल्ल्याने बाजार खुला झाला आणि काजू आला. काजूला बांध लागत नाही, चिखलात राबावं लागत नाही. झाड लावलं की मार्चनंतर बी वेचायची. व्यापारी बाहेरून तांदूळ आणतो, गावात तांदळाच्या बदल्यात बी घेतो, बी जहाजाने भारताला आणि व्हिएतनामला. आज देशाच्या निर्यातीचा सिंहाचा वाटा या कच्च्या बीचा आहे. गर काढायला कारखाना, वीज, भांडवल आणि उद्याचा भरवसा लागतो. दर काही वर्षांनी बंड होणाऱ्या राजधानीत बँक कर्ज कुणाला देणार? काजू फोडणारी युनिटं निघाली, थोडी चालली, बरीच बंद पडली.

ज्या वर्षी बीचा भाव पडतो त्या वर्षी एक पोतं तांदळासाठी जास्त पोती बी मोजावी लागते, आणि त्या वर्षी घराघरात जेवणाची एक वेळ कमी होते. तरुण मुलं बिसाऊला किंवा सेनेगलला गेली, त्यामुळे खाजणाचे बांध बांधायला हात नाहीत. जिथे बांध फुटले तिथे खारफुटी परत आली. काही गावांत बालांतांच्या तरुण गटांनी पुन्हा बांध घालायला घेतले आहेत. तो भात आधी घरात जातो, उरला तर बाजारात.